नोंदीची परीक्षा कोणी घ्यायची?

जुन्या कागदपत्रांच्या जतनाविषयी बोलताना अलीकडे एकच आकडा पुढे केला जातो : किती पाने स्कॅन झाली. समारंभात तो वाचून दाखवला जातो, अहवालात ठळक छापला जातो, आणि अनुदानाच्या पुढच्या हप्त्याची मागणीही त्याच्याच आधारे होते. त्या पानांची नोंद कशी झाली, ती कोणी तपासली, आणि उद्याच्या अभ्यासकाला त्या नोंदीवरून तो कागद सापडेल काय, हे प्रश्न मात्र विचारले जात नाहीत. आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्या कागदाची नोंद चुकली तो स्कॅन होऊनही हरवलेलाच आहे. किंबहुना तो पूर्वीपेक्षा अधिक हरवलेला आहे. कारण आता तो सुरक्षित झाला अशी सर्वांची समजूत झालेली असते आणि त्याला शोधायला कोणी निघत नाही.

आमचे दुसरे म्हणणे याहून अधिक वादाचे आहे. नोंदीची खरी परीक्षा यंत्राला घेता येत नाही. ती भाषा न जाणणाऱ्या दूरच्या कार्यालयालाही घेता येत नाही. ज्यांची ती भाषा आणि ज्यांच्या गावचे ते कागद, त्यांनीच ती घ्यायची असते. हे काम ग्रंथपालांचे, संगणकवाल्यांचे किंवा सरकारचे आहे असे म्हणून बृहन्महाराष्ट्रातील साहित्यसंस्था बाजूला राहिल्या, तर पुढे होणाऱ्या नुकसानीबद्दल गळा काढण्याचा अधिकार त्यांना राहणार नाही.

हा प्रश्न आजच का उपस्थित करावा लागतो, तेही सांगतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. फेब्रुवारी २०२५ मधील केंद्रीय अर्थसंकल्पात हस्तलिखितांच्या सर्वेक्षण, नोंदणी व जतनासाठी 'ज्ञान भारतम्' या योजनेची घोषणा झाली; एक कोटीहून अधिक हस्तलिखिते तिच्या कक्षेत आणण्याचा संकल्प आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत नोंदींचा पूर येणार आहे. तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथील मराठी कागद त्या पुरात असतील. ते कोणत्या नावाने, कोणत्या वर्षाखाली आणि कोणत्या भाषेच्या खात्यावर लिहिले जातील, हे आत्ताच ठरणार आहे. एकदा चुकीचे लिहिले गेले की दुरुस्तीची संधी पुन्हा लवकर येत नाही.

प्रथम नोंद म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या जगात तिला 'मेटाडेटा' असे भारदस्त नाव मिळाले आहे. जुने ग्रंथपाल तिला तालिकेतील नोंद म्हणत. वस्तू कोणती, कोणी केली, केव्हा केली, कोठे आहे, कोणत्या भाषेत आहे, वापरण्याचे नियम कोणते, एवढी माहिती विशिष्ट रकान्यांत भरली की नोंद होते. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी झालेल्या बैठकीतून असे रकाने ठरवण्याचे काम सुरू झाले. त्यातून पंधरा रकान्यांचा जो साधा संच तयार झाला तो 'डब्लिन कोअर' या नावाने जगभर वापरला जातो. २००९ मध्ये लंडन येथे 'डेटासाइट' ही संस्था स्थापन झाली. संशोधकांनी गोळा केलेली सामग्री, मग ती पर्जन्यमानाची कोष्टके असोत, बोलींचे ध्वनिमुद्रण असो वा स्कॅन केलेली पत्रे असोत, तिला कायम टिकणारा डीओआय क्रमांक देऊन नोंदवहीत दाखल करण्याची व्यवस्था ही संस्था पाहते. ओळखक्रमांक, कर्ता, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि सामग्रीचा प्रकार, हे सहा रकाने भरल्याशिवाय तेथे नोंद स्वीकारली जात नाही. भाषेचा रकाना या सहांत नाही. तो ऐच्छिक आहे!

नोंद दाखल करण्यापूर्वी यंत्र तिची तपासणी करते. सहाही रकाने भरले आहेत काय, वर्ष चार आकडी आहे काय, सामग्रीचा प्रकार ठरलेल्या यादीतला आहे काय, असे प्रश्न यंत्र विचारते. उत्तरे होकारार्थी आली की नोंद 'वैध' ठरते. ही तपासणी आवश्यक आहे, यात शंका नाही. तक्रार आहे ती या वैधतेलाच सत्य समजण्याच्या सवयीबद्दल. पाकिटावर पत्ता लिहिला आहे एवढे यंत्र पाहते. तो पत्ता त्याच माणसाचा आहे काय, हे ते पाहत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, पेशवाईतील एक पत्र नोंदीसाठी आले. त्यावर 'सन इहिदे सबैन मया व अलफ' असे लिहिले आहे. इहिदे म्हणजे एक, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. एकूण सुहूर सन ११७१. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७०-७१ येते. हेच वर्ष शकगणनेत १६९२, तर दक्षिणेतील फसली गणनेत ११८० होय. एका पत्राला असे चार आकडे लागू पडतात. आता कारकुनाने रकान्यात '११७१' भरले तर काय होईल? यंत्र ते मुकाट्याने स्वीकारील, कारण आकडा चार अंकी आहे. माधवराव पेशव्यांच्या काळातील पत्र यादवांच्या काळात जाऊन बसेल. '१६९२' भरले तर ते राजाराम महाराजांच्या जिंजीच्या वेढ्यात सापडेल. दोन्ही नोंदी वैध, आणि दोन्ही खोट्या. शिवाय 'प्रकाशनवर्ष' या रकान्याचा अर्थ अंकीय सामग्री उपलब्ध झाल्याचे वर्ष असा आहे. मूळ कागदाचा काळ वेगळ्या रकान्यात लिहावा लागतो. हा भेद ज्याला समजावून दिलेला नाही, तो माणूस दोन्ही एकत्र करणारच. आणि पुष्कळ पत्रांवर तर वर्षच नसते. 'छ' अक्षर घालून केवळ मुसलमानी महिन्याची तारीख दिलेली असते. ते वर्ष मजकुरातील घडामोडींवरून काढावे लागते. हे काम इतिहास जाणणाऱ्याचे आहे, टंकलेखकाचे नव्हे.

कोणी म्हणेल, ही कल्पित भीती आहे. तसे नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पाचा अनुभव आपल्यासमोर आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात, अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने, देशभरच्या ग्रंथालयांतील लाखो पुस्तके स्कॅन करण्यात आली. त्यांत मराठी पुस्तकेही पुष्कळ होती. या कामाचे ऋण आम्ही नाकारत नाही. जी पुस्तके आज कोणत्याही कपाटात धड मिळणार नाहीत, ती त्या प्रकल्पामुळे वाचायला मिळतात. परंतु त्या नोंदी ज्यांनी चाळल्या असतील त्यांना हेही ठाऊक आहे की, मराठी ग्रंथांची नावे तेथे रोमन लिपीत, कोणताही नियम न पाळता, कानाला वाटेल तशी लिहिलेली आहेत. कोठे दीर्घ स्वर दुहेरी अक्षराने दाखवला, कोठे दाखवलाच नाही. कोठे शीर्षकाचा अर्धा भागच उतरवला. आणि कर्त्याच्या रकान्यात कित्येक ठिकाणी 'उपलब्ध नाही' असा इंग्रजी शेरा आहे. पुस्तकाचे पहिले पान उलटले की लेखकाचे नाव ठसठशीत छापलेले दिसते, आणि नोंद म्हणते, उपलब्ध नाही!

या दोन शब्दांवर आम्ही मुद्दाम बोट ठेवतो. 'कर्ता अज्ञात आहे' हे एक विधान आहे. अभ्यास करून काढलेला तो निष्कर्ष असतो. 'कर्त्याचे नाव या प्रतीत नाही' हे दुसरे विधान. 'आम्ही पाहिले नाही' हे तिसरे. डेटासाइटच्या नियमांतही माहिती मुळात अज्ञात असणे आणि ती हाताशी नसणे यांसाठी वेगवेगळी चिन्हे दिलेली आहेत. म्हणजे हा भेद नोंदवहीला मान्य आहे. जो पाळला जात नाही तो हाच. जेथे पाहिलेच गेले नाही तेथे 'उपलब्ध नाही' असे लिहिणे हे अज्ञान नव्हे, असत्य होय. पुढे हीच नोंद जशीच्या तशी उचलून दुसऱ्या संकेतस्थळावर जाते, तेथून तिसऱ्या. आणि काही वर्षांनी एखाद्या लेखकाची हयातभराची पुस्तके अनाथ म्हणून फिरत राहतात.

मराठीच्या बाबतीत अडचणी आणखी आहेत, आणि त्या मराठी माणसावाचून कोणाच्या ध्यानातही येणार नाहीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीनिष्ठ अनुस्वार गेले. त्यापूर्वी राजवाड्यांच्या ग्रंथाचे नाव 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' असे छापले जाई. आजचा विद्यार्थी 'साधने' असे लिहून शोधतो. नोंदीत केवळ जुने रूप असेल तर त्याला ग्रंथ सापडेलच असे नाही. केवळ नवे असेल तर मुखपृष्ठाशी नोंद जुळत नाही. दोन्ही रूपे हवीत, आणि कोणते मूळचे हे कळायला हवे. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'सुऱ्या' यांतील रफार आपण डोळ्यांनी एकच पाहतो. संगणकावर मात्र तो दोन प्रकारे टंकता येतो, आणि यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द असतात. एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधणाऱ्याला मिळत नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसत असल्यामुळे चूक कोठे आहे तेही उमगत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या जुन्या याद्यांची तर नव्या यंत्रात रोमन अक्षरांची खिचडी होते.

नावांचेही तसेच. गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत निदान तीन प्रकारे लिहिले जाते. ज्ञानदेव, ज्ञानेश्वर, ज्ञानोबा ही एकाच व्यक्तीची नावे आहेत हे नोंदवहीला कोणीतरी सांगावे लागते. 'नाव' आणि 'आडनाव' असे दोन रकाने समोर आले की मोरोपंतांचे काय करायचे, हे मुंबई-पुण्याबाहेरच काय, महाराष्ट्राबाहेरच्या कार्यालयात बसलेल्याला कसे कळावे? गावांची नावेही बदलतात. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ मध्ये बेळगावी झाले. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत ते तिसऱ्याच रूपात आहे. शोधणारा यांपैकी कोणत्याही नावाने येईल. नोंदीने तिन्ही दारे उघडी ठेवली पाहिजेत.

भाषेच्या रकान्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण येथे आमच्याच माणसांशी आमचा मतभेद आहे. १६१६ साली गोव्यात प्रथम छापले गेलेले फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' मराठी भाषेत आणि रोमन लिपीत आहे. नोंदीत भाषा आणि लिपी हे वेगवेगळे रकाने नसतील, तर या ग्रंथाचे काय होईल याची कल्पना करावी. त्याच फादर स्टीफन्सच्या, १६४० मध्ये छापलेल्या कोंकणी व्याकरणाच्या नावात 'कानारीं' हा शब्द आहे. केवळ नावावर विसंबणारा नोंदकार ते कानडीच्या खात्यावर टाकील. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात मराठीबरोबर तेलुगू, तमिळ आणि संस्कृतही नांदत होत्या. सीमाभागात तर एकाच दस्तऐवजात मराठी आणि कानडी मजकूर शेजारी शेजारी सापडतो. अशा वेळी सत्य तेच लिहिले पाहिजे. कागद द्वैभाषिक असेल तर दोन्ही भाषा नोंदवा. कोंकणी असेल तर कोंकणी लिहा. भाषेचा रकाना म्हणजे झेंडा रोवण्याची जागा नव्हे. आपल्या भाषेवर अन्याय होतो म्हणून ओरडणाऱ्याने आपल्या हातून दुसऱ्या भाषेवर तो होऊ देता कामा नये. एरवी आपल्या नोंदींवर कोणी विश्वास का ठेवावा?

हे सारे नवीन आहे, परदेशी आहे, आपल्या परंपरेत बसणारे नाही, असा एक सूर ऐकू येतो. तो साफ चुकीचा आहे. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले ते ग्रंथालयांची घडी बसवण्यासाठी. बडोद्यात ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले, आणि १९१२ पासून तेथून 'लायब्ररी मिसेलनी' हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. पुस्तक असणे आणि ते वाचकापर्यंत पोहोचणे यांतले अंतर नोंद भरून काढते, हे त्या संस्थानाला शंभर वर्षांपूर्वी कळले होते. १९३१ मध्ये शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याला त्यांनी स्वतंत्र सूत्राचे स्थान दिले.

इतिहाससंशोधकांनी तर नोंदीलाच विद्वत्तेचे स्थान दिले. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'साधनां'चा पहिला खंड काढला. सुट्या, मिती अर्धवट असलेल्या पत्रांना कालक्रमाने लावणे, हा त्या कामाचा कणा होता. बडोद्याच्या सेवेत उमेद घालवलेले गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्यांतील पत्रांच्या माथ्यावर इसवी तारीख आणि इंग्रजी सारांश आढळतो. आजच्या भाषेत तो मेटाडेटाच की! शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. आजही जुन्या पुस्तकाचा पत्ता काढताना आपण तिच्याकडेच वळतो. यांपैकी कोणाजवळही संगणक नव्हता. नोंद म्हणजे विधान आहे आणि विधानाची जबाबदारी घ्यावी लागते, एवढी जाण त्यांच्याजवळ होती.

आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर जात्यावरच्या ओव्यांचे घ्यावे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या साठ्याचे मोल केवळ संख्येत नाही. ओव्यांचे विषयवार वर्गीकरण आहे; ओवी कोणी गायली आणि कोणत्या गावी गायली, हे नोंदवण्याची काळजी तेथे घेतली आहे. ज्या बायकांना कोणत्याही इतिहासाने नावाने ओळखले नसते, त्या तेथे कर्त्याच्या जागी आहेत. डिजिटल लायब्ररीच्या नोंदींत छापील नावाचा लेखक अनाम होतो, आणि येथे निरक्षर गाणारणीला नाव मिळते. ज्या नोंदीला काही लोक कारकुनी म्हणून हिणवतात, तिची ताकद एवढी आहे.

आता आक्षेपांचा परामर्श घेतो. पहिला आक्षेप : कागद नष्ट होत आहेत, आधी स्कॅन करू, नोंदीचे मागाहून पाहू. यातील पूर्वार्ध आम्हाला मान्य आहे. वाळवीला शुद्धिपत्र देता येत नाही. परंतु हे 'मागाहून' कधी येत नाही. प्रकल्पाची मुदत संपते, पैसा संपतो, माणसे पांगतात. दरम्यान कच्ची नोंद प्रसिद्ध होऊन दहा ठिकाणी उतरवली गेलेली असते. मूळ नोंदवहीत दुरुस्ती करण्याची सोय असते हे खरे. पण उतरवलेल्या दहा नकलांना ती आपोआप पोहोचत नाही. घाई असेल तर घाईची नोंद करा, पण तिच्यावर 'तपासायची आहे' असा शिक्का मारा.

दुसरा आक्षेप : आता सबंध मजकुरातच शोध घेता येतो, मग नोंद हवी कशाला? छापील देवनागरीपुरते यात थोडे तथ्य आहे. परंतु मोडीतील घाईघाईने लिहिलेल्या पत्राचे काय? शिवाय पत्र आपला विषय स्वतः सांगत नाही. दुष्काळाविषयीच्या पत्रात 'दुष्काळ' हा शब्द नसेलही. त्यात केवळ बैल मेल्याचे आणि धारा माफ करण्याचे लिहिलेले असेल.

तिसरा आक्षेप आजच्या फॅशनचा : हे सारे कृत्रिम बुद्धिमत्ता करील. करू द्यावे, कच्चा मसुदा तिने केला तर श्रम वाचतील, आणि वाचलेले श्रम आम्हाला तपासणीसाठी हवेच आहेत. मात्र यंत्राचा मसुदा यंत्रानेच तपासायचा, ही व्यवस्था म्हणजे विद्यार्थ्यानेच आपल्या उत्तरपत्रिकेला गुण देण्यासारखे आहे. न वाचता आलेल्या अक्षराच्या जागी कारकून निदान मोकळी जागा सोडत असे. यंत्र तेथेही सुबक वाक्य रचून देऊ शकते. चूक जितकी सुबक, तितका परीक्षक कसलेला हवा.

चौथा आक्षेप : आंतरराष्ट्रीय नोंदवही आहे, तेव्हा इंग्रजी नोंद पुरे. इंग्रजी हवीच; दूरच्या अभ्यासकाला ती लागेल. परंतु डेटासाइटच्या व्यवस्थेत एकाच वस्तूला अनेक शीर्षके देता येतात आणि प्रत्येक शीर्षकाची भाषा सांगता येते. भारतीय लिप्यांच्या रोमनीकरणासाठी २००१ पासून आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. दार उघडे असताना आपण खिडकीतून का शिरावे? मूळ लिपीतील शीर्षक, नियमबद्ध रोमन रूप आणि इंग्रजी सारांश, तिन्ही द्यावीत.

पाचवा आक्षेप सर्वांत प्रामाणिक : माणसे कोठून आणायची? येथे आम्ही या पत्रिकेच्या वाचकांकडेच बोट दाखवतो. आपल्या प्रत्येक मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, प्राध्यापक आहेत, बँकेत आयुष्यभर आकडे ताडून पाहिलेली माणसे आहेत. क्वचित मोडी वाचणारेही आहेत. पाच जणांनी आठवड्याला प्रत्येकी वीस नोंदी तपासल्या तर शंभर होतात. वर्षाकाठी पाच हजार. कोजागिरी आणि दिवाळी पहाट यांच्या तयारीसाठी जी माणसे मिळतात, ती यासाठी मिळणार नाहीत असे आम्ही मानत नाही.

तपासणी कशी करायची, तेही सांगतो. कारण नुसती मागणी करून मोकळे होणे हा आमचा हेतू नाही. पहिली कसोटी : नोंद एका जाणत्या माणसाला द्यावी, कागद दाखवू नये, आणि हा कागद काय असावा ते त्याला सांगायला लावावे. मग कागद समोर ठेवावा. दोहोंत तफावत आढळली तर नोंद नापास. दुसरी कसोटी : नोंदी तयार होण्यापूर्वीच वीस प्रश्न लिहून ठेवावेत. 'शके १६९२ मधील पत्रे', 'गायकवाड' तीन रूपांनी, 'साधनें' आणि 'साधने', 'दऱ्या' दोन टंकांनी, बेळगाव तीन नावांनी. या प्रश्नांना नोंदवही काय उत्तर देते ते पाहावे. प्रश्न आधी लिहिणे महत्त्वाचे. नोंदी पाहून प्रश्न रचले की सगळेच उत्तीर्ण होतात. तिसरी : नोंद एका व्यवस्थेतून दुसरीत पाठवून परत आणावी, आणि काना, मात्रा, अनुस्वार शाबूत आहेत काय ते पाहावे, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. चौथी : जाणूनबुजून काही चुकीच्या नोंदी मिसळाव्यात, एखादे '११७१' त्यात घालावे, आणि परीक्षकांना त्या सापडतात काय ते पाहावे. परीक्षकाचीही परीक्षा झाली पाहिजे. आणि शेवटी, किती नोंदी तपासल्या व त्यांतल्या किती चुकल्या, हा आकडा स्कॅन केलेल्या पानांच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा.

संशोधन-सामग्रीच्या जगात २०१६ पासून 'फेअर' तत्त्वांचा फार बोलबाला आहे : सामग्री सापडली पाहिजे, हाती आली पाहिजे, इतर सामग्रीशी जुळली पाहिजे, पुन्हा वापरता आली पाहिजे. या चौघांत सापडणे पहिले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सापडणे म्हणजे कोणाला सापडणे? ज्याला मराठीत प्रश्न विचारायचा आहे, जो आपल्या पणज्याच्या गावाचे नाव जुन्या वळणाने लिहितो, त्याला सापडले पाहिजे. तोच वगळला गेला तर उरलेली तिन्ही तत्त्वे त्याच्या काय कामाची?

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. मराठी कागदांच्या नोंदींसाठी जेथे जेथे सार्वजनिक पैसा खर्च होतो, तेथे भाषा जाणणाऱ्यांच्या तपासणीशिवाय नोंद 'पूर्ण' समजली जाऊ नये, अशी अट सरकारने आणि विद्यापीठांनी घालावी. आणि अशी अट घातली गेली तर ती तपासणी करायला आमची मंडळे तयार आहेत, हे बृहन्महाराष्ट्रातील संस्थांनी आधीच लेखी कळवावे. दर्जा मंत्रिमंडळाने दिला. पत्ता मात्र आपल्यालाच लिहायचा आहे, आणि तो बरोबर आहे याची खात्रीही आपल्यालाच करून घ्यायची आहे.